कोरी वाळू

२ मार्च

चौदा महिने या वहीत एक ओळ लिहिली नाही, माफी असावी. कुणाची मागतो आहे ते मलाही नीट ठाऊक नाही; वहीचीच म्हणू. तंत्रशाळा बंद पडल्यावर लिहिण्याजोगं फार काही घडत नव्हतं, आणि जे घडत होतं ते लिहायची लाज वाटत होती. आज सांगण्यासारखं आहे. मला काम मिळालं.

अत्बरा शहराहून आठ तास लॉरीच्या टपावर बसून सोन्याच्या बाजारात पोचलो. चहूकडे वाळवंट, मध्ये पत्र्याच्या शेडच्या दोन रांगा, आणि दिवसभर दगड भरडणाऱ्या चक्क्या. सगळ्यांच्या भुवया धुळीने पांढऱ्या. काम मिळालं त्या दुरुस्तीच्या दुकानाचा मालक दफल्लाह हा साठीचा, पोट सुटलेला, पूर्वीचा ट्रक मेकॅनिक. माझ्या खांद्यावर थापा मारत म्हणाला की एकोणीस वर्षं पोरांना वायरी शिकवल्यात ना, मग इथे सुखी राहाल, यंत्रं निदान उलट उत्तर देत नाहीत.

यंत्रं म्हणजे सोनं शोधायची. लांब दांडा, टोकाला थाळी, पाठीवर बॅटरी, कानाला हेडफोन. माणसं ती झाडूसारखी फिरवत मैलोन्‌मैल चालतात. थाळी गायली की खणतात. खणत खणत खोल गेलं की त्या खड्ड्याला विहीर म्हणायचं, पाणी नसलं तरी.

दुकानामागच्या अंगणात चार पावलं लांब, चार पावलं रुंद असा वाळूचा चौकोन आहे. नदीकाठची वाळू, तीनदा चाळलेली, वरून लोहचुंबक फिरवलेली. दफल्लाह तिला कोरी वाळू म्हणतो. धातूची वस्तू अंगावर घेऊन तिच्यावर कुणी पाय ठेवायचा नाही. दुरुस्त यंत्र आधी या वाळूवर फिरवायचं: ते गप्प राहिलं पाहिजे. मग पितळी कडं पुरायचं: ते गायलं पाहिजे. आणि मग गिऱ्हाइकांसमोर थाळीवर हात ठेवून म्हणायचं, हे यंत्र खोटं बोलत नाही. एवढं ऐकल्याशिवाय कुणी यंत्र उचलत नाही. दफल्लाह म्हणतो, वायरीला डाग काय कुणीही देईल, माणसं इथे जबानीसाठी येतात.

मला हे फार आवडलं. वर्गात मी कधी कशावर हात ठेवून बोललो नव्हतो.

५ मार्च

तीन दिवसांत अकरा यंत्रं. बहुतेकांचा रोग एकच: थाळीजवळ वायर वाकून वाकून आतून तुटलेली. एकात घामाचं मीठ साचलं होतं. एक तर साफ बनावट निघालं. मालकाला सांगताना मलाच घाम फुटला.

समोर अवादिया चहा-कॉफी विकते. पन्नाशीची, जिभेला धार. आज म्हणाली, उस्ताज (इथे मास्तरला हेच म्हणतात), जगाचा ताप उतरवतोस आणि माझा चहा मात्र गार करून पितोस, माझी इज्जत काढतोस. तिच्या कॉफीतलं आलं घशापर्यंत झणझणतं. अंगातल्या पायघोळ जलाबियावर कॉफी सांडून डाग पडला. बऱ्याच दिवसांनी हसलो.

९ मार्च

सकाळी सातला जादल्लाह आला. पाच जणांच्या टोळीचा म्होरक्या, उंच, पुढचा दात तुटलेला. त्याचं यंत्र परवापासून माझ्याकडे होतं. तक्रार अशी की भर दुपारी ते रिकाम्या जमिनीवर गातं. वायर बदलली होती.

जबानीसाठी त्याला कोऱ्या वाळूजवळ बोलावलं. आमच्याकडच्या पुष्कळ पुरुषांसारखा तो डाव्या दंडाला सुरी बांधतो. ती काढून ठेवायला सांगितली तर कुरकुरला. म्हणाला, लग्नापासून ही सुरी दंडावरून उतरली नाही, अंघोळीलाही नाही. बायको म्हणते तू माझ्याशी नाही, हिच्याशी लग्न केलंस. टोळीतले सगळे खिदळले. उतरवलेल्या जागी कातडी गोरी होती, पट्ट्याच्या आकाराची.

वाळूवर यंत्र गप्प. कड्यावर गायलं. मी जबानी दिली.

११ मार्च

एक गोष्ट नोंदवून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल. तक्रार दुपारची होती आणि मी यंत्र तपासलं सकाळी सातला, सावलीत. तापल्यावरच दिसणारे बिघाड असतात, हे मी स्वतः पोरांना दर वर्षी शिकवलं आहे. जादल्लाहची लॉरी निघायची होती. त्याने घाई केली असं लिहिणार होतो, पण त्याने केली नाही. लॉरीचा भोंगा वाजला, आणि घाई मी केली.

वायर तुटलेली होतीच. बिघाड तोच असणार.

१३ मार्च

जादल्लाह गेला.

काल दुपारी एका जुन्या, बुजलेल्या विहिरीच्या तोंडाशी यंत्र गायला लागलं म्हणे. थांबेना. एवढं गातंय म्हणजे मोठं काहीतरी आहे. जमीन भुसभुशीत आहे, असं एक जण म्हणाला. त्यावर जादल्लाह म्हणाला, यंत्राची जबानी झाली आहे. जादल्लाह दोन माणसांच्या उंचीइतका खोल गेल्यावर बाजू ढासळली. चौघे वर होते. वाळू उपसली की तेवढीच पुन्हा आत येते. रात्रीपर्यंत उपसून शेवटी थांबले. तो अजून तिथेच आहे.

मातमाच्या, दुखवट्याच्या मांडवात गेलो. दोन्ही हात उचलून फातिहा म्हटली. माझ्याशी सगळे नीट बोलले. ते फार वाईट होतं.

१५ मार्च

जादल्लाहचा धाकटा भाऊ कर्रार यंत्र घेऊन आला. वाळू झटकलेलीसुद्धा नव्हती. त्याचं म्हणणं साधं आहे. मयताच्या दंडावर सुरी आहे. यंत्र लोखंडावरही गातं. विहिरीभोवतीची सगळी जमीन खणता येणार नाही, पण यंत्राने नेमकी जागा दाखवली तर फळ्या ठोकून तेवढंच खणता येईल. आई म्हणते, कबर नाही तोवर मी उठणार नाही. तिने चटईवर तीन दिवस काढले आहेत. त्याने मला एवढंच विचारलं, उस्ताज, नीट करून द्याल ना?

तो गेल्यावर थाळी उन्हात ठेवली. दुपारी एक वाजता कोऱ्या वाळूवर फिरवली. ती किंचाळली. सगळीकडे. काहीही नसलेल्या चार पावलांवर.

हाच बिघाड होता. सकाळी दिसला नसता. दुपारी दहा मिनिटांत दिसला असता.

दफल्लाहला सांगितलं नाही. कर्रारलाही नाही. भीती वाटली, एवढंच कारण. दुसरं लिहीन तर खोटं होईल.

१७ मार्च

नवी थाळी बसवली. दोन तास उन्हात तापवली, हाताला चटका बसेपर्यंत. मग वाळूवर.

तीन कोपरे गप्प. चौथ्यात, भिंतीकडे, आवाज. बिघाडाचा किंचाळता नव्हे. जाड, लोखंडाचा. वीतभर लांब, दोन टोकांचा, मध्ये सलग. कुणीतरी काही टाकलं असेल म्हणून कोपरभर खणलं. वाळू. आणखी खणलं. खालचा दगड लागला. चाळली. काही नाही.

वाळू परत भरली. पुन्हा फिरवली. आवाज होता.

१८ मार्च

दुकानातली दुसरी चार यंत्रं फिरवली. नव्याकोऱ्या खोक्यातलं एक काढून तेही. पाचही गातात. पण भिंतीकडे नाही. आज मधोमध.

वाळू बदलून पाहिली, अर्धी. अवादिया म्हणाली, वाळवंटात बसून वाळू विकत आणणारा पहिला शहाणा पाहिला. मग माझ्या तोंडाकडे बघून चहात साखर जास्त घातली.

२० मार्च

आज एकाही यंत्राला जबानी दिली नाही. बाहेर सात जण थांबले होते. दफल्लाहला सांगितलं, कोरी वाळूच गाते आहे. तो चिडला. म्हणाला, उस्ताज, लोक तुमचं तोंड बघायला नाही येत, शब्द घ्यायला येतात. यंत्र घेऊन स्वतः वाळूवर गेला. मी दारात उभा होतो.

सगळे कोपरे गप्प. मधोमध गप्प.

त्याने हाक मारली, या, बघा, कुठे आहे तुमचं भूत. मी त्याच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

गायलं.

त्याने माझे खिसे तपासायला लावले. खिशात काही नव्हतं. घड्याळ नाही, किल्ली नाही, जलाबियाला गुंडीसुद्धा नाही. तो हसला, पण दोन पावलं मागे सरून. म्हणाला, कलेजी खात जा कमी, रक्तात लोखंड झालंय.

२१ मार्च

दुपार. एकटाच. अंगावरचं सगळं काढलं. लुंगीएवढं कापड. थाळी स्वतःवर फिरवली. पाय — गप्प. पोट — गप्प. छाती. उजवा हात.

डावा दंड.

वीतभर. दोन टोकं.

बोटांनी चाचपलं. काही नाही. कातडी फक्त — एक पट्टा जरा गोरा. उन्हाचा असेल. मी तिथे कधी काही बांधलं नाही. वडील बांधायचे, मी नाही — शहरात शिकलो —

यंत्रं खरी आहेत. पाचही. हे आधी समजायला हवं होतं. खोटं होतं ते फक्त एक. आणि त्याच्यावर हात माझा होता.

२२ मार्च

कर्रारला सगळं सांगितलं. सकाळचे सात, सावली, भोंगा. तक्रार दुपारची होती, हेही. मला वाटलं तो मारेल. मारावं असं वाटत होतं.

 त्याने एवढंच विचारलं: मग आता मी कुठे खणू?

दंडाचंही सांगितलं. त्याने अविश्वास दाखवला नाही. यंत्र उचललं, माझ्या अंगावरून फिरवलं. दंडावर आल्यावर हात थांबला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. लांबी मोजत होता.

मग त्याने सलाम केला. मला नाही. दंडाला. भाऊ दारात आल्यावर करावा तसा. आईची खुशाली सांगितली. म्हणाला, ती खात नाही, तू ये.

मला म्हणाला, तो तुमच्याबरोबर आलाय. तुम्हीच घेऊन चला. जिथे तुमच्या अंगावरचा आवाज थांबेल, तिथे तो उतरला असं समजू. तिथे खणू.

उरलेले चौघे सांगतात की तिथली जमीन अजून बसलेली नाही. परवा एक बकरी आत गेली.

हो म्हणालो.

२३ मार्च

यंत्र बंद. बॅटरी काढून कपाटात ठेवली आहे. तरी ऐकू येतं — हेडफोनशिवाय — आतून —

दंड जड. पेला उचलला नाही. अवादियाने पाजला.

बाहेर गिऱ्हाइकं आहेत. हाक मारतात. एकाने यंत्र दारात ठेवलं, उस्ताज, नुसता हात ठेवा. ठेवला नाही.

वाळूवर पाऊल उमटलंय. माझं नाही. मी गेलोच नाही आज — डावं एकच —

भीती वाटते. खाली जायची नाही. तिथे पोचल्यावर आवाज थांबला नाही तर —

कर्रार फळ्या घेऊन येणार. यंत्राला जबानी मागणार नाही म्हणाला. मागितली तर देईन. हे खरं बोलतं.

उद्या: यंत्र कर्रारच्या हातात द्यायचं, आणि मी पुढे चालायचं, तो थांब म्हणेपर्यंत.