साबणाच्या डबीतलं यंत्र

आबा, तुमची काठी आज माळ्यावरून काढली. सेल फुगून गळलेत, तारा गंजल्यात, पण मुठीला तुम्ही गुंडाळलेली सुतळी घट्ट आहे. माझे विद्यार्थी आता याहून हलक्या काठ्या करतात. त्यांना तुमच्याबद्दल काही सांगत नाही. वर्गात घरचं बोलायचं नाही, हा माझा नियम.

काचबिंदूनं डोळे नेल्यावरही दुधाची किटली घेऊन तुम्ही एकटे डेअरीत जायचात. मग एका उसाच्या हंगामात, वाटेत सोडलेल्या बैलगाडीच्या मागं बाहेर आलेला ऊस कपाळात बसला. काठी गाडीखालून मोकळीच गेली होती. तुम्ही ओट्यावर बसलात ते उठेनात. "आता हितंच बसायचं," म्हणालात. ते मला चालणार नव्हतं. बारामतीच्या कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते, ते काय फळ्यापुरतं? साबणाच्या डबीत यंत्र बसवलं: कानाला न ऐकू येणारा आवाज पुढं सोडायचं, तो आदळून परत आला की शिट्टी वाजवायचं. काठीला वरच्या बाजूला बांधून, छातीपासून कपाळापर्यंतचं टिपेल असं रोखून आपल्या शेळगावला आणलं.

पहिल्याच सकाळी तुम्ही गोठ्याच्या भिंतीवर आपटलात. शिट्टी नाही. पाहते तर डबीवर तुमच्या खांद्यावरच्या घोंगडीचं टोक! लोकरीनं सगळा आवाज गिळलेला.

"आबा, ती काय मेंढरू आहे पांघरूण घालायला?"

"तिला तोंड हाय, कान हाय म्हनतीस. मग थंडी न्हाय व्हय वाजत?"

मी घोंगडी तुमच्या दुसऱ्या खांद्यावर टाकली आणि तुम्हाला पुन्हा भिंतीकडे चालवलं. शिट्टी वाजली. तुम्ही हात पुढं करून भिंत चाचपलीत आणि किटली मागितलीत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही एकटे निघालात. डेअरीच्या वळणावर उसाची गाडी उभी. शिट्टी वाजते, तुम्ही जागीच थांबता. गाडीवान हसतो.

"आबा, डबीत कोंबडीचं पिल्लू हाय का काय?"

"माझ्या लेकीनं केल्यालं यंत्र हाय. तुझा ऊस दिसला मला. मागं लाल फडकं बांध, न्हायतर डोळंवालंबी आपटत्याल."

संध्याकाळी मी तुम्हाला दटावलं, गावभर सांगत फिरू नका म्हणून. तुम्ही नुसते हसलात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा किटली घेऊन निघालात.

हे पत्र काठीसोबत पुन्हा माळ्यावरच जाईल, म्हणून लिहिते. त्या दुसऱ्या सकाळी तुम्हाला न कळता मागोमाग येऊन मी उसाच्या गाडीच्या आड उभी होते, आबा. तुम्ही वळण ओलांडून गेलात तरी हलले नाही. पुढं डेअरीत तुम्ही लेकीच्या यंत्राचं तेच पुन्हा मोठ्यानं सांगत होतात, आणि मला ते सगळं ऐकायचं होतं.