कपाळावरचा दिवा आणि अण्णांच्या मधमाश्या

ती. अण्णांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (पैकी सध्या नुसतं शिर वाकतंय, आणि तेही डावीकडेच. उरलेल्या अंगांचा नमस्कार सूज उतरल्यावर घालीन.) तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना? थोरले दादा फोनवर 'छान आहे' एवढंच सांगतात, पण दादा सगळ्यालाच छान म्हणतात, आमच्या लग्नातल्या फोटोंनाही म्हणाले होते. इकडे आम्ही दोघं खुशाल आहोत. म्हणजे तुमची लेक खुशाल आहे आणि मी खुशालीच्या वाटेला लागलो आहे.

तुमच्या पेट्यांचं काय झालं ते सविस्तर कळवतो. फोनवर तुमच्या लेकीनं 'हलवल्या, सगळं नीट झालं' असं सांगितलं असेल. तिच्या बाजूनं ते खरंही आहे. माझ्या बाजूची हकिकत जरा लांबलचक आहे, तेव्हा पाय उशीवर ठेवून वाचा.

शेजारचा बागवाला शुक्रवारी झाडांवर औषध फवारणार म्हणाला, तेव्हापासून ही सारखी अंगणात जाऊन पेट्या बघून येत होती. पेट्या तिथंच राहिल्या तर माश्या मरणार हे सांगायला कुणी ज्योतिषी नको होता. तुम्ही फोनवर आधी सगळं नीट समजावलंत (अंधार पडला की हलवायच्या, तोवर सगळ्या माश्या घरी परततात, पेट्यांची तोंडं बुजवायची, टेम्पोत घालून टेकडीपलीकडे मावशींच्या माळावर नेऊन ठेवायच्या), आणि मग सहज बोलावं तसं म्हणालात, की जमत नसेल तर देऊन टाका कुणाला तरी, तुझी आई गेल्यापासून माझंही तिथं काय उरलंय, तुमचं माझ्यावाचून काही अडत नाही, मी इथंच दादाकडे राहीन म्हणतो. तुमच्या लेकीनं 'बरं' म्हणून फोन ठेवला आणि घासून पालथी घातलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. इतक्या वर्षांच्या संसारात त्या आवाजाचा अर्थ मला कळायला लागलाय. पेट्या गेल्या तर तुम्ही परत यायचे नाहीत, हे तिला कळलं होतं आणि मलाही. त्या भांड्यांच्या आवाजात मी पेट्या हलवण्याची जबाबदारी अंगावर घेतली. माझ्या स्वभावात ही खोडच आहे. शौर्य येतं ते नेमकं मला काहीच येत नसतं तेव्हा.

आता दिव्याचं. 'माझा डोक्याला बांधायचा दिवा फडताळात आहे, तोच घ्या' असं तुम्ही बजावलं होतं. मी तो काढून पाहिला. पट्टा सैल, काचेवर तांबडा कागद रबरबँडनं बसवलेला, आणि उजेड असा की दिवा लागलाय की नाही हे पाहायला दुसरा दिवा हवा. मला वाटलं, काच तडकली असेल आणि अण्णांनी काटकसर म्हणून कागद लावला असेल. (क्षमा असावी, पण तुमच्या चष्म्याची काडीही दोऱ्यानं बांधलेली मी पाहिली आहे.) म्हटलं, सासऱ्यांची आयुष्याची पुंजी हलवायची ती काय असल्या काजव्यावर? दिवा ठेवला जागेवर आणि गेलो बाजारात.

दुकानदार भला माणूस होता, पण भयंकर चौकस. दिवा द्यायच्या आधी त्यानं माझी अशी उलटतपासणी घेतली की सोयरीक जुळवतानाही कुणी घेत नसेल. काम कसलं? जवळचं बघायचं की लांबचं? किती वेळ जळायला हवा? पावसात भिजणार का? डोक्यावर वजन किती चालेल? खरं सांगायचं तर काम होतं सासऱ्यांच्या मागच्या अंगणातलं. पण माझ्या मागे खांद्यावर दोरखंडं घेतलेली दोन धिप्पाड गिर्यारोहक मंडळी उभी होती. त्यांच्यादेखत 'माश्यांच्या पेट्या उचलायच्यात' म्हणायला जीभ रेटेना. मी म्हणालो, गुहेत उतरायचंय. (अण्णा, मी नकाशा कचेरीतला माणूस. आम्ही डोंगर कागदावर काढतो, चढत नाही.) त्याबरोबर मागची मंडळी अदबीनं थोडी सरकली आणि माझी छाती उगाच फुगली. दुकानदारानं आधी एक छोटासा, हलका दिवा दाखवला होता. जवळच्या कामाला चांगला, म्हणाला, आणि ह्यात तांबडा उजेडही आहे. तो मी बोटानंच बाजूला सारला. तांबड्या उजेडात काय फोटो धुवायचेत? मग गुहावाल्याला शोभेल असा घेतला. कितीही हाला, पट्टा निसटायचा नाही. पाण्यात बुडाला तरी विझायचा नाही. एकदा भरला की पहाटेपर्यंत जळायचा. आणि प्रखर इतका, की दुकानदारानं तो भिंतीकडे तोंड करून लावला आणि भिंतीवरच्या पोपड्यांच्या सावल्या पडल्या. हे चारही गुण मी स्वतः पारखून घेतले, हे लक्षात असू द्या.

घरी आल्यावर सराव म्हणून दिवा बांधून जेवायला बसलो. असल्या दिव्याची एक गंमत आहे. तुम्ही ज्याच्याकडे बघाल त्याचे डोळे दिपतात. तुमच्या लेकीशी बोलायला मान वळवली की ती ताटाआड तोंड लपवायची. शेवटी म्हणाली, "अहो, बोला खुशाल, पण माझ्याकडे बघू नका." लग्न ठरलं तेव्हा हिचीच तक्रार होती की हा माणूस मान वर करून बघतच नाही.

मंगळवारी अंधार पडल्यावर टेम्पो आला. टेम्पोवाला माश्यांना घाबरत नव्हता, असं तो स्वतःच सांगत होता. मी बुरखा घातला, त्यावरून दिवा बांधला, आणि तोंडं बुजवायच्या आधी सगळ्या घरी आल्यात का ते बघावं म्हणून पहिल्या पेटीसमोर वाकलो. अख्ख्या उजेडानिशी. आता मला कळलंय की माश्यांना तांबडा उजेड दिसत नाही, आणि पांढरा दिसला की त्या थेट त्याच्याकडे धाव घेतात. तेव्हा फक्त एवढंच कळलं की सगळ्या घरीच होत्या आणि आता सगळ्या बाहेर येताहेत. माझ्या कपाळाकडे.

मी पळालो. पण अण्णा, दिवा डोक्यावर असला की माणूस पळून पळून जाणार कुठे? जिथे मी तिथे दिवा, जिथे दिवा तिथे त्या. पट्टा ओढला, तर तो निसटेना. (गुण पहिला.) त्या ओढाताणीत बुरखा मात्र वर सरकला, आणि पुढचं माझ्या गालाला विचारा. ही ओरडत होती, दिवा बंद करा, दिवा बंद करा! त्याचं बटण एकदा दाबलं की मंद, दोनदा दाबलं की प्रखर, तीनदा दाबलं की संकटात मदत मागायची लुकलुक, आणि बंद करायचं तर शांत चित्तानं दाबून धरायचं. माझं चित्त शांत नव्हतं. मी लुकलुकत अंगणाला फेऱ्या मारल्या आणि शेवटी तिथल्याच हौदात उडी घेतली. दिवा पाण्यातही लुकलुकत राहिला. बागवाला कुंपणाशी येऊन म्हणाला, हौदात वीज शिरली की काय? टेम्पोवाल्यानं काचा वर केल्या होत्या आणि आत बसून तो मोठ्यानं खोकत होता. तो खोकला नव्हता हे मला ठाऊक आहे.

त्यानंतरचं मात्र थट्टेत सांगणार नाही. हिनं हौदाशी येऊन माझा दिवा दाबून धरून विझवला, घरात गेली आणि तुमचा दिवा बांधून आली. तो तांबडा मिणमिणता उजेड घेऊन अंगणातून हळूहळू चालत होती. पाऊल तुमचं, अण्णा. वाकायची तऱ्हाही तुमची. माश्या हळूहळू पेटीच्या तोंडाशी परतल्या तशी ती त्यांना म्हणाली, "चला गं बायांनो, जरा लांब जायचंय." आणि एकेक तोंड फडक्यानं बुजवत गेली. हे तिला येतं हे मला माहीत नव्हतं. लहानपणी तुमच्या मागे मागे फिरून शिकले, म्हणाली. मग काचेवर टकटक करून टेम्पोवाल्याला खाली उतरवलं आणि दोघांनी पेट्या चढवल्या. मी हौदात गळ्याइतक्या पाण्यात उभा राहून बघत होतो. अण्णा, मला तुमची फार आठवण आली. सासूबाईंचीही. सुजेमुळे डोळे आधीच गळत होते, म्हणून कुणाला कळलं नाही.

माळावर पेट्या ठीक आहेत. मावशी रोज लांबून नजर ठेवतात. गुडघ्याला जपा. दादांना आणि वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला (एरवी शहाणा) जावई

ता. क. एक सांगायचं राहिलं, खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो. कोपऱ्यातली सगळ्यात जुनी पेटी हलवायची राहिलीय. तिचा तळपाट, म्हणजे बुडाची फळी निसटलीय, उचलली तर माश्या सांडतील, असं ही म्हणाली. मी माझं तोंड घेऊन बागवाल्याकडे गेलो. ह्या तोंडाला नाही म्हणणं कुणालाही अवघड आहे. त्यानं फवारणी आठवडाभर पुढे ढकललीय. तळपाट बसवणं तुमच्याशिवाय कुणाला जमणार? तेव्हा गुडघा साथ देत असेल तर लगेच निघा. गाडी संध्याकाळची मिळाली तरी काळजी नको. मी दिवा बांधून घ्यायला येतो, गाडी थांबायच्या आधीच तुम्हाला दिसेन.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करायच्या आधी, तळपाट नेमका किती निसटलाय ते कळवावं म्हणून अंगणात जाऊन आलो. (भर दुपारी, बुरखा घालून, दिव्याविना.) पेटी चारी बाजूंनी पाहिली, हलवूनही पाहिली. तळपाट जागच्या जागी आहे. घट्ट आहे. वळलो तर तुमची लेक मागच्या दारात उभी. तिनं ओले हात पदराला पुसले. मग म्हणाली, "सगळ्याच हलवल्या असत्या, तर अण्णांना काय सांगून बोलावलं असतं?" आणि आत जाता जाता म्हणाली, "हे लिहू नका त्यांना."

तेव्हा अण्णा, हे मी लिहिलेलं नाही. तळपाट निसटलेलाच आहे. या.