लाभाचं पोतं

१२ नोव्हें., बुध.
गेलं. सगळं कोठार गेलं. दु. दुकानात गिऱ्हाईक होतं म्हणून मोबाईल बाजूला ठेवला, तेवढ्यात त्या 'राजकुमार' नाव लावणाऱ्या गड्याने आतून वेशीचं दार उघडलं. पलीकडच्या गावची टोळी आली, धान्य नेलं, जाताना गोठा पेटवून गेली. इतके दिवस "ताई, ताई" करत होता मेला. पहाऱ्यावर मीच ठेवला होता त्याला. सरबत पाजायचं तेवढं बाकी होतं.
गेममधलं धान्य आहे, कळतं मला. तरी दोन घास गेले नाहीत. हे म्हणाले, "पोती मोबाईलमदली, अन् त्वांड आसं केलंय जनू खरंच दरोडा पडला." वर हसले. बोलले नाही मी रात्रभर.

१३ नोव्हें.
तनूला सांगितलं. आधी वाटलं रागावेल. तर म्हणाली, "आई, अजून एकदा कुणी घात केला ना, मी गेमच काढून टाकणार. परीक्षा पण आलीये."
लेक कोल्हापूरला हॉस्टेलवर, नर्सिंगला. पूर्वी फोनवर काय, तर जेवलीस का – हो. अभ्यास – चाललाय. ठेवते. तिनेच सुट्टीत हा गेम माझ्या मोबाईलवर टाकून दिला, आणि आता रोज सं. माईकवर भिंत बांधता बांधता वॉर्डातल्या खडूस सिस्टरपासून मेसच्या पातळ आमटीपर्यंत सगळं कळतं. तो तास जाऊ द्यायचा नाही मला. बाकी पोती गेली खड्ड्यात.

१५ नोव्हें., शनि.
गावात तीन गडी नसले तर गाव बंद पडतं. आम्ही दोघीच. म्हणजे परत अनोळखी माणूस आलाच. आज एकाची रिक्वेस्ट. नाव काय, तर भोळा_शंकर. तनूचे नियम कडक: कोठाराची चावी मिळणार नाही, आधी नुसतं पाणी भरायचं. माईक लावत नाही, लिहितो फक्त. "बर." "भरलं." "पुढं काय?"
फारच नम्र. मला आता नम्र माणसाचीच भीती वाटते.

१७ नोव्हें., सोम.
भाताचा हंगाम. आमच्या भातगिरणीपुढे टेम्पो उभे, वेल्ह्याकडचे, विंझरचे. दुकानातसुद्धा कोंडा उडतो, गोळ्यांच्या बरण्या दोनदा पुसल्या. दिवसभर ह्यांचं पोती उतरवून आडवं-उभं लावताना चालू, "लाभ… दोन… तीन…" पहिल्या मापाला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. सासऱ्यांपासूनची रीत.
तनू पहिलीत असताना बाईंनी आकडे म्हणायला सांगितले तर ही उभी राहून ठणठणीत, "लाभ, दोन, तीन!" सगळा वर्ग हसला. ही रडत घरी. ह्यांनी मात्र तिला खांद्यावर बसवून गिरणीभर फिरवली होती.

१९ नोव्हें.
शंकराला चावी दिली. तनू खूश आहे त्याच्यावर, "आई, हा माणूस कामाचा आहे." जेवताना हे म्हणाले, "काय म्हंतो तुमचा भोळा शंकर?" म्हटलं, बरा आहे.

२१ नोव्हें., शुक्र.
कोठारातून धान्य कमी होतंय. एकदम नाही, थोडं थोडं. तनू चिडली. सगळा वेळ तेच. शंकर कधी येतो, कधी जातो, कुठे उभा असतो. आईचा घसा कशाने बसलाय हे विचारायचं राहूनच गेलं तिचं. "रविवारी पकडते त्याला. खरा निघाला चोर, तर संपलं, आई. मला नको असली माणसं."
म्हणजे माझ्या हातात दोनच दिवस.

२२ नोव्हें., शनि.
नीट लिहिते.
दु. लाईट गेली, गिरणी बंद. दुकानात कुणी नव्हतं. म्हटलं तनू नाही तोवर आपणच पाळत ठेवू. गेम उघडला, कानात वायर घातली. शंकर कोठारापाशी. मला बघितलं नाही त्याने. पोतं उचललं आणि माईक चुकून चालू राहिलेला, कुजबुजल्यासारखं आलं, "लाभ."
म्हणजे आपल्याकडचाच कुणीतरी! मनात कोण कोण येऊन गेलं. कामथडीचा मावसदीर, समोरचा पिठाच्या गिरणीवाला… तेवढ्यात रस्त्यावरून एसटी गेली, तिने हॉर्न दिला. एकदा बाहेरून ऐकू आला. एकदा कानातून.
चपला न घालताच गिरणीमागे गेले. हे पोत्यांच्या थप्पीवर बसलेले, चष्मा कपाळावर, मोबाईल नाकापाशी. "दोन," म्हणाले.
आवाज न करता परत फिरले. तेव्हा डोक्यात आलं, शंकराचं नाव मी घरात कधी काढलंच नव्हतं, तरी बुधवारी जेवताना ह्यांच्या तोंडात होतं.

तोच दिवस, सं.
तनूला "डोकं दुखतंय" सांगून आज गेमला बसले नाही. चहा दिला आणि विचारलं, "अहो, भोळे शंकर, पोती कुठं ठेवली?"
कप बशीत आपटला. आधी "कुठली पोती?" मग खाली मान. मग, "भिंतीभाईर, चिंचंखाली. एक बी इकलं न्हाई. परत ठेवनारच हुतो."
"पण का?"
बशीत सांडलेला चहा परत कपात ओतला. मग म्हणाले, "तुमी दोघी तासभर बोलता. माज्या वाट्याला काय? 'बाबा, जेवलात का?' पानी भरलं तवा बी कोन बोललं न्हाई. पोती उचलली, तर दोन दिस माजंच नाव चाललंय की."
इतका राग आला होता मला, चार शब्द पाठ करून ठेवले होते. एक आठवेना. हा माणूस दिवसभर कोंडा खातो, संध्याकाळी मी मोबाईल घेऊन आत बसते, आणि हे बाहेरच्या खोलीत बातम्या लावून… मी कधी विचारलं नाही, तुम्ही पण बोलता का म्हणून. वाईट वाटलं. आणि हसूही आलं.
"तिला सांगू नगंस," म्हणाले. "बाप चोर निगाला म्हनंल."
सांगितलं तर ह्यांची मान खाली. नाही सांगितलं तर उद्या गेम बंद. बरं फसवलंत, शंकरा.

२३ नोव्हें., रवि.
दुपारपासून ह्यांचं कशात लक्ष नाही. दाढी केली! म्हटलं, गेममध्ये दिसत नाही ती. "आसू दे," म्हणाले.
सं. तिघं हजर. मी स्वयंपाकघरात, हे बाहेरच्या खोलीत, मध्ये नुसता पडदा. तनूने भिंतीबाहेर जाऊन चिंचेखालची थप्पी शोधून काढली होती. मी तोंड उघडणार होते, म्हणणार होते, जाऊ दे गं, माफ कर. पण तीच बोलली. आवाज वेगळाच. रागाचा नव्हता.
"आई, ही थप्पी बघितलीस? आडवं-उभं, आडवं-उभं. अशी पोती कोण लावतं गं?"
मी गॅस बारीक केला.
"शंकर, माईक चालू करा. पोती एकेक करून आत आणायची. मी मोजते."
"करा" म्हणाली. काल-परवापर्यंत त्याला अरे-तुरे करत होती.
पडद्याआड खाट करकरली. शंकराने पहिलं पोतं उचलून आत आणलं. तनू म्हणाली, "लाभ."
आणि थांबली. पुढे म्हणेचना. दुसरं पोतं आत आलं तरी गप्प.
पडद्याआडून आणि माझ्या कानात, एकदमच आलं, "दोन."
सवयच ती. जीभ कुठे ऐकते.
तिघांचेही माईक चालू आहेत. तनूचं नाक ओढल्यासारखं ऐकू येतंय, हसतेय की काय ते कळत नाही. पडदा बाजूला करायला उठावं म्हणते, पण नको. तिसरं पोतं अजून चिंचेखालीच आहे.