बापूजी पडले तेव्हा मी हसलो नव्हतो

६ जानेवारी, सोमवार
बापूजी दुकानात स्टुलावरून पडले. वरच्या फळीवरचा टॉवेलचा गठ्ठा काढायला गेले आणि गठ्ठ्यासकट खाली. पायाला फ्रॅक्चर. त्यांची टोपी उडून नेमकी गठ्ठ्यावर जाऊन बसली. स्वतःचे वडील पडले आणि मी हसलो, असं नीलमचं म्हणणं. बायको असून काहीही बोलते. तो खोकला होता.

७ जानेवारी
झोप नाही. थोडं हसलो असेन. शिंकेसारखंच असतं ते, माणसाच्या हातात नसतं.
भरपाई ठरवली. रोज दुपारी बापूजींना टीव्हीवर जुने विनोदी मूकपट दाखवायचे. पण दर्जेदार. चेहरा न हलवता हसवणारे. पडापडीचे अजिबात नकोत. जखमेवर मीठ कशाला?

१० जानेवारी
चेहरा न हलवणारा हिरो लावला. बापूजींचाही हलला नाही. टायमिंग समजावून सांगितलं. म्हणाले, "ह्याला कुठं दुखतंय का रं?" त्यांना कुणीतरी आपटलेलं हवंय. ठाम नकार दिला. अभिरुची हळूहळू घडते.

१४ जानेवारी, संक्रांत
लवकर घरी आलो, तर आतून हसण्याचा दणका. नीलमने पडापडीची फिल्म लावलेली. रंगारी, शिडी, चुन्याची बादली. बापूजी प्लास्टर धरून हसत होते. मला बघताच दोघं गप्प. हेडमास्तर आल्यासारखे.
नीलमला म्हटलं, बापूजींना हे बघून त्रास होईल. म्हणाली, त्रास त्यांना नाही, तुम्हाला होतोय.
अर्थ कळला नाही.
कळला. रविवारी सगळं कबूल करायचं.

१९ जानेवारी, रविवार
सांगणारच होतो. तेवढ्यात घाटघरचे भगवंतराव आले, जुनं गिऱ्हाईक. बापूजी माझ्यासमोरच त्यांना सांगू लागले, "पावणं, मी पडलो तवा ह्यो पारस तोंड दाबून रडत व्हता. खांदं नुसतं गदगदत व्हतं. एवढा जीव हाय माझ्यावर, मला ठावंच नव्हतं."
भगवंतराव म्हणाले, "असा ल्योक लई नशिबानं मिळतो, भाऊ."
नीलम चहाचा ट्रे घेऊन माझ्याकडे बघत उभी. मी चहा घेतला.
मग बापूजींनी हट्टाने शिडीवाली फिल्म लावायला लावली. रंगारी बादलीसकट खाली आला. मला आवरेना. तोंड दाबून धरलं.
बापूजींनी पाठीवरून हात फिरवला.
"रडू नगं, बाळा. त्यास्नी खरंखुरं लागत न्हाई."