तार उतरणार नाही

अथांग जलावर पहुडलेल्या दयाघनाला वंदन करून लिहिते.

चिरंजीव धाकट्यास अनेक आशीर्वाद.

"तुझ्यावाचून समुद्र आटणार आहे का?" असे तू काल फोनवर म्हणालास, आणि आज छपरावरची माझ्या रेडिओची तार काढायला माणूसही धाडलास. तो आला तेव्हा मी रेडिओवरून सागरावरच्या नौकांची रोजची हजेरी घेत होते. एकटीच निघालेली एक नाविक मुलगी उत्तर देईना. अशा वेळी आम्ही सारे हौशी रेडिओवाले बोलणे थांबवून केवळ कान देतो. त्या शांततेत क्षीण आवाज आला, "आजी, सुकाणू तुटलंय. ऐकू येतंय का?"

"येतंय गं बाई, बोल!"

तिचा ठावठिकाणा मी बचावनौकेला कळवला. तुझा माणूस पक्कड घेऊन दारातच उभा. "साहेबांना काय सांगू?"

"सांग, आई छपराच्या शिडीला कुलूप लावून बसलीय."

नौका पोहोचेपर्यंत त्या पोरीला धीर द्यायचा आहे. पत्र धाडले की तुझा फोन येणार, आणि तुझ्याशी वाद घालायला सवड नाही, म्हणून हे टपालात न टाकता रेडिओपाशीच ठेवते. तिच्यानंतरही कुणी असेलच. तार उतरणार नाही.

तुझी आई

हे ज्याच्या हाती पडेल, त्याच्या हाकेला कुठून तरी ओ मिळो.