तिसऱ्या खांबातली वीट

प्रिय ल्युशस,

"कापूसवाल्या मालकांच्या हवेलीत पाहुणे फिरवतेस, लाज नाही वाटत?" असं विचारून तू शिकागोला गेलास. आता उत्तर देते.

काल डागडुजीसाठी हवेलीच्या तिसऱ्या खांबाचा गिलावा काढला. बाहेरून संगमरवर वाटतो, आत नुसत्या विटा. सगळ्या आडव्या, एकच उभी. आजी सांगायची तश्शीच. आपल्या खापरपणजोबांनी गुलामीत हे खांब बांधले, तेव्हा स्वतःची खूण म्हणून ती बसवली. तू म्हणायचास, "म्हातारीच्या थापा."

मालकीणबाई म्हणाल्या, "झाकून टाका."

मी म्हटलं, "मग उद्यापासून पाहुणे तुम्हीच फिरवा."

वीट उघडीच आहे.

वाचून तुझा विश्वास बसायचा नाही, म्हणून पत्र टाकत नाही. फोनवर नुसतं 'ये' म्हणेन. आजीला काळी म्हणून मागच्या दारानंच यावं लागायचं; तू तिकडे जाऊ नकोस. पुढच्या दाराची किल्ली माझ्याकडे असते.

तुझी बहीण,
अर्लीन