अठरा ग्रॅम आणि वर एक चिमूट

परतूर, जि. जालना
१२ एप्रिल २००५

श्रीमान व्याहीबुवा काकासाहेब यांस, मुक्काम हुबळी,

परतूरहून रामकिसनचा हात जोडून रामराम. विहीणबाईंना आमच्या उषाबाईचा नमस्कार (ती शेजारी उभी राहून 'आधी माझा लिहा' म्हणत होती, पण व्याह्याच्या पत्रात पहिला मान व्याह्याचा). आपल्या गुडघ्याला आता उतार पडला असेल अशी आशा आहे. इकडे सगळी खुशाली. चि. सौ. वैजयंतीची तब्येत झकास, सहावा महिना सरत आला, डॉक्टरीणबाई खूश आहेत. चि. संपत शाळेत शिकवायला जातो, येतो आणि उरलेल्या वेळात आपण बाप होणार याची काळजी करतो. माझं म्हणाल तर जिभेचा शेंडा भाजलेला आहे आणि धोतराला कॉफीचा वास येतो. बाकी तक्रार नाही.

मागच्या महिन्यात मी तुम्हाला फोन करून कॉफीचं प्रमाण विचारलं, तेव्हा तुम्हाला नवल वाटलं असेल. त्याचं कारण आता सविस्तर लिहितो. तुमची लेक आमच्या घरी आली तेव्हापासून स्वतःची कॉफी स्वतः करायची. आम्ही सगळे चहावाले, त्यामुळे तो कारभार तिच्या एकटीचा. पण दिवस गेल्यापासून तिला स्टोव्हजवळ उभं राहिलं की मळमळतं. डॉक्टरीणबाईंनी दिवसाला एकच लहान कप प्यायची मुभा दिली आहे, आणि तो एक कपही तिला धड मिळेना. पहिल्यांदा संपतने करून दिला. तो पिऊन ती दोन दिवस त्याच्याशी फारसं बोलली नाही. एकदा मी ओसरीवर पेपर वाचत असताना (पेपर हातात धरला की माणसाला ऐकू येत नाही असा आमच्या घरातला समज आहे) ती त्याला म्हणाली, "आमचे बाबा मोजून करतात. कधी कमी नाही, कधी जास्त नाही."

काकासाहेब, हे ऐकून माझ्या काळजाला घरं पडली. चौतीस वर्षं मी परतूरच्या मोंढ्यात मापाडी होतो. ज्वारी, तूर, कापूस, सगळं माझ्या हाताखालून गेलं. माझं माप चुकलं असं म्हणायची कोणा अडत्याची छाती झाली नाही. आणि माझ्याच घरात माझ्या सुनेला मोजलेल्या कॉफीसाठी हुबळीची आठवण काढावी लागते! तेव्हाच तुम्हाला फोन केला. तुम्ही सांगितलंत, पावडर अठरा ग्रॅम, उकळतं पाणी शंभर ग्रॅम. तुम्ही जन्मभर औषधाच्या दुकानात पुड्या बांधल्या, तुम्हाला त्यात विशेष ते काय? मी मात्र रिसीव्हर ठेवला आणि विचारात पडलो, की अठरा ग्रॅम म्हणजे दिसायला केवढं असतं. आमच्या मोंढ्यात एवढा माल तोलताना वाऱ्याने उडून जातो.

आधी चमच्याने पाहिलं. आमच्या घरात बारा चमचे आहेत आणि ते बारा लग्नांतून आलेले आहेत, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. मग केशरबाईंच्या किराणा दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा पाहिला. तो पाच-पाच ग्रॅमने उड्या मारतो. पंधरा दाखवतो, मग एकदम वीस. अठरा हा आकडा त्याला कोणी शिकवलेलाच नाही. शेवटी अप्पाराव सोनाराकडे गेलो. त्याचा काटा काचेच्या पेटीत असतो, श्वास सोडला तरी आकडा हलतो. त्याने बिचाऱ्याने आठ दिवस रोज सकाळी मला अठरा ग्रॅमची पुडी करून दिली. नवव्या दिवशी एका बाईची नथ कॉफीच्या वासाची निघाली आणि त्याने मला पायरीवरूनच हात जोडले.

पण तोपर्यंत व्हायचा तो बोभाटा होऊन गेला होता. रामकिसन मापाडी रोज सकाळी धोतराच्या सोग्यात पुडी लपवून सोनाराकडे जातो, दार लोटून तोलून घेतो आणि इकडे-तिकडे न बघता घरी येतो, हे सगळ्या पेठेने पाहिलं. चार दिवसांत ही खबर राजूरला पोचली. तिथून माझा मावसभाऊ रामराव गणपतीचा प्रसाद घेऊन दारात हजर. मला गोठ्याकडे नेऊन म्हणाला, "खरं सांग, हंडा कुठं लागला? मी कोणाला सांगणार न्हाई." मी म्हटलं, अरे बाबा, कॉफी तोलतो. तो भयंकर दुखावला. म्हणाला, "सांगायचं नसंल तर नको सांगू. पण कॉफी कशाला मधात आणून राह्यला?" आणि न जेवता गेला (प्रसाद मात्र ठेवून गेला).

तेव्हा ठरवलं, आपला स्वतःचा काटा घ्यायचा. स्वस्त घ्यायचा पण पारखून घ्यायचा. गाडीने जालन्याला गेलो. बरोबर पिशवीत वैजयंतीच्या कॉफी फिल्टरचं भांडं आणि माझी जुनी छाप मारलेली पितळी वजनं, शंभरापासून पाच ग्रॅमपर्यंत. दुकानदार कचरूशेठ तरुण आहे. त्याने तीन डिजिटल काटे पुढे मांडले. एक सोनाराच्या जातीचा, खिशात मावणारा, ग्रॅमचाही शंभरावा भाग दाखवणारा. पण त्यावर फिल्टरचं भांडं ठेवलं की तो घाबरून नुसत्या रेघा दाखवी. दुसरा फार देखणा, काचेचा. त्याच्या मधोमध पन्नासचं वजन ठेवलं तर पन्नास, कोपऱ्यात ठेवलं तर सत्तेचाळीस. जागा बदलली की शब्द बदलणारा काटा मी घरात घेत नाही. तिसरा पांढरा, प्लॅस्टिकचा, रूपाने बेताचा. पण चारही कोपऱ्यांत पन्नास ते पन्नास. दुकानातला पंखा चालू असताना त्याचा आकडा थरथरत होता, म्हणून मी पंखा बंद करायला लावला. एप्रिलमध्ये, भर दुपारी. बाकीची गिऱ्हाइकं घाम पुसत माझ्याकडे बघत होती. कचरूशेठ म्हणाला, "काका, कॉफीसाठी घेऊन राह्यले का कापसाच्या जिनिंगसाठी?"

मी त्याला एकच विचारलं, हा झुकतो कुठून? तो म्हणाला, "हा झुकत न्हाई, काका. आकडा दाखवतो. अठरा म्हणजे बराबर अठरा." काकासाहेब, तुम्हाला हसू येईल, पण मी तिथे स्टुलावर बसलोच. आमच्या धंद्यात पारडं सरळ झालं की माप संपत नाही. माझ्या वडिलांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, की काटा बरोबर आला म्हणजे देणं फिटलं, आता वर एक मूठ टाक, ती तुझी माया. चौतीस वर्षं माझा उजवा हात ते करत आलेला आहे, मला न विचारता. आता न झुकणाऱ्या काट्यावर माया टाकायची कशी?

साडेसातशे सांगितले होते, सहाशेला दिला (पंखा लवकर सुरू करता यावा म्हणून असेल). घरी आणला. पहिल्या सकाळी अठरा ग्रॅम झाले, आणि माझ्या हाताने वर एक चिमूट टाकली. काटा वीस दाखवू लागला. मी म्हटलं, दाखवू दे. पाणी ओतताना मी जरा हळू ओतलं, तर तो मध्येच आपणहून बंद पडला. (बॅटरी वाचावी म्हणून तो तसा झोपी जातो म्हणे. मापाड्यासमोर झोपणारा काटा मी पहिल्यांदाच पाहिला.) वैजयंती कॉफी प्यायली, म्हणाली, "छान झाली, आबा." पण कप उचलायला गेलो तर अर्धी तशीच. दुसऱ्या दिवशी अर्धी, तिसऱ्या दिवशी अर्धी. उरलेली मी पिऊन पाहिली. निव्वळ काढा होता.

शेवटी उषाबाईने सूत्रं हातात घेतली. आता मी पावडर टाकतो आणि ती आकड्याकडे बघत उभी राहते. अठरा आले की ओरडते, "बास! हात मागं!" चौतीस वर्षांच्या हाताला या वयात वळण लागलं, आणि काल सुनेने सगळा कप संपवला. वर विचारलं, "आबा, उद्या पण कराल ना?" मी उगाच बाहेर जाऊन झाडाला पाणी घातलं. तर व्याहीबुवा, कॉफी जमली, हे आनंदाचं वर्तमान कळवण्यासाठी हा पत्रप्रपंच. दुसरं काहीही काम नाही. लहानांना आशीर्वाद, आपल्याला पुन्हा रामराम.

आपला,
रामकिसन

ता. क. एक अगदी लहानसं काम आहे. वैजयंती पुढच्या महिन्याच्या अखेरीस पहिल्या बाळंतपणाला तुमच्याकडे येईल. ती रीतच आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण लाइटबिल शोधताना मला तिच्या कपाटात तिच्या बँकेतल्या नोकरीच्या बदलीचा फॉर्म दिसला. वर 'हुबळी' लिहिलेलं, बाकी कोरा. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. ती आल्यापासून या घराला घरपण आलं. मी तिला 'जाऊ नको' म्हणणार नाही, तो माझा अधिकार नाही. मी फक्त कॉफी सुधारली. आता अर्धं तुमच्या हातात आहे. ती तिकडे असताना तुम्ही पावडर अठराऐवजी सोळा ग्रॅम टाकावी, ही हात जोडून विनंती. जन्मभर पुड्या चोख बांधणाऱ्या माणसाला कमी तोलायला सांगतो आहे, हे पाप माझ्या माथी.

ता. क. दुसरा. तो पांढरा काटा मी कोपरे तपासून घेतला हे खरं, पण तेवढ्यासाठी घेतला नाही. तो पाच किलोपर्यंत घेतो. त्यावर परात ठेवून दर सोमवारी बाळ तोलायचं असं मी जालन्यातच ठरवलं होतं. मोंढ्यात पहिल्या मापाला आम्ही 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. तो लाभ मला माझ्या तोंडाने म्हणायचा आहे. काटा हुबळीला पाठवणार नाही, तोलायचा माल इकडे यावा.

ता. क. तिसरा. यातलं काही वैजयंतीला कळू देऊ नये. म्हणून पाकीट मी उषाबाईकडेच चिकटवायला देत आहे.

*

बाबा, मी वैजू. घरातला डिंक संपलाय म्हणून आईंनी पाकीट माझ्याकडे दिलं, आणि 'चिकटवायच्या आधी वाचून घे, हे काय लिहितील नेम नाही' म्हणाल्या. तो फॉर्म मी इथे आल्यावर पहिल्या महिन्यात आणला होता. पुढे त्याच्या मागच्या बाजूला आईंनी मला लिंबाच्या लोणच्याचं प्रमाण लिहून दिलं, म्हणून जपून ठेवलाय. आबांनी तो उलटून पाहिलाच नाही. काळजी करू नका, बाळ सव्वा महिन्याचं झालं की मी त्याला घेऊन परत येणार आहे, आजच संपतला सांगितलंय.

आणि कॉफीचं. आई 'बास' म्हणून वळल्या आणि काटा झोपला की आबा अजूनही वर एक चिमूट टाकतात. त्यांना स्वतःलाही ठाऊक नसावं. पहिले काही दिवस घशाखाली उतरत नव्हती, आता त्याशिवाय बेचव लागेल. तेव्हा बाबा, सोळाही नको आणि अठराही नको. अठरा झाले की काटा बंद करा, आणि मग टाका.